झाकणताई आणि तिची समोरची

झाकणताईला झाकणताई का म्हणतात, हे हल्लीच्या लोकांना सांगावं लागतं. नाहीतर उगाच भलतेसलते तर्क लढवत बसतात. तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

शहराच्या कडेला, कालव्याच्या काठी, पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, बुटाच्या पॉलिशच्या चपट्या डब्या, सगळं तिथे व्हायचं. प्रेसघरात एका ओळीला झाकणं निघायची आणि समोरच्या ओळीला बुडं. ही बाई एकतीस वर्षं झाकणांच्या चार नंबरच्या प्रेसवर उभी होती, म्हणून झाकणताई. तिच्या बरोबर समोर बुडांच्या प्रेसवर जी होती, तिला त्या हिशेबाने बूडताई म्हणायला हवं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका जोडाऱ्याने एकदा म्हणून पाहिलंही. तिने हातातला पाना असा उगारला की पुन्हा कोणाची टाप झाली नाही. त्यामुळे तिला टोपणनाव पडलंच नाही. झाकणताई तिला नुसतं 'समोरची' म्हणायची. सव्वीस वर्षं समोरची.

चाळीस प्रेस एका छपराखाली चालले की काय होतं, ते ज्याने ऐकलं त्यालाच माहीत. कानाशी येऊन कोणी बोंब मारली तरी नुसता गरम श्वास लागायचा. मग बायका बोलायच्या कशा? बोलल्याशिवाय तर राहवत नाही! तर त्या आवाज न काढता बोलायच्या. ओठ मोठेमोठे हलवायचे, भुवया नाचवायच्या, आणि समोरच्या बाईने ते वाचायचं. नवी बाई आली की महिन्याभरात शिकायची. जिला जमलं नाही ती वैतागून निघून जायची.

त्यातही एक मेख होती. प्रेसचा दट्ट्या खाली येताना नजर पत्र्यावरच हवी, नाहीतर बोट गेलंच म्हणून समजा. दट्ट्या वर जाताना तेवढं समोर बघायला मिळायचं. त्या वेळात तीन शब्द मावतात. चौथा मावत नाही. त्यामुळे समोरची सांगायची ते असं:

"रात्रभर झोप नाही." ठक. "सासूचं पुन्हा दुखतंय." ठक. "तू काय आणलंस?" ठक.

आणि दिवसाची सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने. साडेदहाला दोघींचे प्रेस सुरू झाले की समोरची मान वर करून विचारायची, "जेवलीस का?" आता साडेदहाला कोण जेवतं? पण झाकणताईची सवय तिला माहीत होती. घरचं सगळं आवरून ही बाई उपाशीपोटी कामावर यायची. "खाल्लं गं थोडं," झाकणताई म्हणायची. "खोटं बोलू नकोस," समोरची म्हणायची, आणि मग कामाला हात लागायचा.

गंमत बघा. दिवसाचे आठ तास तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या या दोघींनी एकमेकींचा आवाज मात्र फारसा ऐकलेलाच नव्हता. भोंगा झाला की प्रेस थांबायचे, कान बधिर झालेले असायचे, जो तो हात धुवायला पळायचा. फाटकापाशी समोरची "येते गं" म्हणायची, ते चांगल्या घोगऱ्या, बापईगड्यासारख्या आवाजात. झाकणताईला दर वेळी वाटायचं, ही कोण बोलली? कारण ओठांवरून वाचता वाचता तिने समोरचीला मनातल्या मनात एक छान बारीक आवाज देऊन टाकला होता. मग एक डावीकडे जायची, एक उजवीकडे. एकमेकींच्या घरचा उंबरा दोघींनी पाहिला नव्हता. आणि तरीही समोरचीच्या घरात कुठल्या खिडकीची कडी मोडलीय, धाकट्या दिराशी कशावरून बिनसलंय, सगळं हिला तोंडपाठ.

आता यात वाईट काय झालं, तेही सांगायलाच हवं. झाकणताई स्वतः कोणाला सांगत नाही. पंधरा वर्षं ते तिच्या घशाशी अडकलेलं होतं.

प्रेसघराच्या टोकाला, चार पायऱ्या वर, मुकादमाची काचेची खोली होती. एका सकाळी समोरची प्रेसवर आली तीच फुललेली. "पोरगा कामाला लागला." ठक. "कालच पत्र आलं." ठक. "कोणाला सांगू नकोस." ठक. "पगार होऊ दे." झाकणताईने आनंदाने इतका मोठा आ केला की शेजारचीने तिच्याकडे वळून बघितलं.

त्याच दुपारी मुकादमाने झाकणताईला वर बोलावलं. पत्र्याच्या डब्यांना आता कोण विचारतो, प्लास्टिकने खाल्लं सगळं, म्हणाला. एक माणूस कमी करायचंय. तुम्ही दोघी सारख्याच जुन्या, दोघींचं काम सारखंच. "तूच सांग बाई, कोणाला जास्त जड जाईल?"

असा प्रश्न विचारणाऱ्याची जीभ झडावी. पण अशांच्या जिभा झडत नाहीत, ते विचारून मोकळे होतात. झाकणताईच्या घरी नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, मुलगा शाळेत, खाणारी तोंडं तीन आणि कमावते हात दोन, तेही हिचेच. ती काचेपाशी उभी होती. खाली चाळीस प्रेस चालले होते. ती म्हणाली, "तिचा मुलगा कामाला लागलाय."

चार शब्द. चौथा मावत नाही म्हटलं होतं ना? त्या खोलीत मावला.

समोरचीला महिन्याची नोटीस मिळाली. त्या महिन्यात झाकणताईने मान वर केली नाही. पत्र्यावर नजर, हातात पत्रा, जणू जगातली सगळी झाकणं हिलाच त्या महिन्यात संपवायची होती. शेवटच्या दिवशी फाटकापाशी समोरची म्हणाली, "येते गं." झाकणताई वाकून चपलेचा अंगठा सारखा करत बसली. अंगठा धडधाकट होता. मान वर केली तेव्हा समोरची उजवीकडच्या वळणावर दिसेनाशी होत होती.

पुढे चार वर्षं झाकणताईच्या समोर रिकामा प्रेस होता. ती तीन-तीन शब्दांत स्वतःशीच बोलायची. मग नवरा गेला, मग कारखानाही गेला. कुलूप लागलं, खिडक्यांच्या काचा फुटल्या, छपरावर पिंपळाएवढी झाडं उगवली. कानांनी तर आधीच राम म्हटला होता. घरी ती टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मालिका बघायची, आणि "हा बघ, तोंडाने एक बोलतोय, पण मनात दुसरंच आहे," असं मुलाला सांगायची. मुलगा म्हणायचा, "आई, तू गुप्त पोलिसात जायला हवं होतंस." ती हसायची. आणि मग रात्री जेवताना एकदम गप्प व्हायची. मुलाला वाटायचं, बाबांची आठवण आली असेल. बाबांची यायचीच. पण समोरचीची जास्त यायची, आणि ते कबूल करायचं तरी कोणापाशी? नवऱ्यापेक्षा कारखान्यातल्या बाईसाठी जीव तुटतो, हे काय सांगण्यासारखं आहे?

तिला एकदाच समोरची भेटायला हवी होती. एकदाच तिला सांगायचं होतं, की मी नाव घेतलं. तुझं गुपित मी विकलं. मग ती काय हवं ते बोलू दे, पाना उगारू दे. पण तिचं घर कुठे, हे हिला माहीत नव्हतं. खिडकीची कडी माहीत होती, गल्ली माहीत नव्हती. आता बोला!

आणि मग कारखान्याचा कायापालट सुरू झाला. कोणा हुशार माणसांनी ती जागा घेतली. छपरावरची झाडं काढली, भिंतींवरचा गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या. झाकणताईच्या मते भिंतीला नागवं करून वर तिचं कौतुक करायचं, हा नवीनच प्रकार होता. प्रेसघराचं अर्धं छप्पर उतरवून तिथे फरसबंद अंगण केलं. उरलेल्या अर्ध्यात खाली कलावंतांचे गाळे आणि वर राहायची घरं. अंगणाकडे तोंड करून जमिनीपासून छतापर्यंत काचा. खाली एक जण मातीची भांडी करायचा, एक जण गिटारी बनवायचा, एक बाई मोठ्या कागदावर एक रेघ काढून दिवसभर तिच्याकडे बघत बसायची. मुकादमाच्या काचेच्या खोलीत कॉफीचं दुकान आलं. सगळ्याला मिळून नाव दिलं 'डबाघर'. म्हणजे नाव ठेवलं, डबे मात्र ठेवले नाहीत.

मग एक दिवस जुन्या कामगारांना आमंत्रण आलं. कारखान्याच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन, जरूर यावे. झाकणताई मुलाला म्हणाली, "मेल्यांना आता आठवण झाली. मी नाही जायची." आणि त्या दिवशी सकाळी आठलाच ठेवणीतली साडी नेसून दारात उभी. मुलाने रिक्षा बोलावून दिली. पोरगा शहाणा आहे.

तिथे गेल्यावर पहिली फजिती झाली ती चालण्याची. अंगण सगळं मोकळं, आणि ही मधेच वळसे घालत, अंग चोरत चालतेय. एका मुलीने विचारलं, "आजी, पायाला काही लागलंय का?" झाकणताई काय सांगणार? दहा नंबरच्या प्रेसला पदर अडकू नये म्हणून वळले? प्रेस कुठाय तिथे! मग बघते तर बाकीच्या दोन-तीन म्हाताऱ्याही तशाच, नसलेल्या यंत्रांमधून वाट काढत चाललेल्या. एकीने तर 'ओली फरशी आहे' म्हणून हिला हात दिला. तिथे तेलाचं पिंप गळायचं, अकरा वर्षांपूर्वी.

एकच प्रेस जागेवर होता. पायातले बोल्ट काही केल्या निघेनात, म्हणून ठेवून दिला आणि त्याला पिवळाधमक रंग फासला. चार नंबर. झाकणताईचा. पुढे पाटी होती, 'कृपया हात लावू नये'. तिने पाटीकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि चांगले दोन्ही हात लावले.

पण जिला शोधायला आली होती ती दिसेना. ओळखीचे चेहरे होते, सुरकुतलेले, एकमेकांच्या कानात ओरडणारे. समोरची नव्हती. असेल कशी? एवढ्या दिवसांत माणूस असतं-नसतं. हा विचार मनात आला. झाकणताई फोटोंच्या भिंतीपाशी टेकायला गेली, तर समोरच तो फोटो. दोन ओळी, मधे वाट, अलीकडे पाठमोरी ही स्वतः, आणि पलीकडे समोरची. मान वर. ओठ उघडे.

"या आमच्या सासूबाई," शेजारी उभी असलेली एक तरुण बाई म्हणाली. झाकणताईने ते ऐकलं नाही, ओठांवर वाचलं. आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

सासूबाई होत्या. जिवंत होत्या. आणि कुठे होत्या म्हणता? तिथेच, वरच्या मजल्यावर. मुलाने त्याच इमारतीत घर घेतलं होतं. गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून खाली आल्या नाहीत, सून म्हणाली. "तुम्ही वर चला ना. बरं वाटेल त्यांना."

जिना चढताना झाकणताईने मनातल्या मनात सगळं तीन-तीन शब्दांत लावून ठेवलं. नाव मी घेतलं. गुपित मी फोडलं. माफ कर मला.

आणि वर काय झालं? काही नाही झालं. समोरची सोफ्यावर बसली होती, अंगाने निम्मी झालेली, कानात यंत्र. सुनेने झाकणताईला तिच्या शेजारी बसवलं. शेजारी! सव्वीस वर्षांत या दोघी कधी शेजारी बसल्या नव्हत्या. एकमेकींकडे बघायचं तर मान मोडायची.

"बरी आहेस का?" समोरचीने ओरडून विचारलं. तोच घोगरा आवाज.

"बरी आहे!" झाकणताई ओरडली. "तू?"

"गुडघे!"

"माझेही!"

सुनेने चहा आणला. मुलांचं विचारून झालं. घर छान आहे, उजेड छान आहे, हेही ओरडून झालं. मग दोघी कपाकडे बघत बसल्या. यंत्र कानात शिट्टी वाजवत होतं. सून कौतुकाने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. झाकणताईला ते पंधरा वर्षांचं बोलून टाकायचं होतं, पण माफी काय ओरडून मागायची? सुनेच्या देखत? शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी? आणि मागायची तरी कोणाकडे? ही घोगऱ्या आवाजाची म्हातारी कोणी भलतीच वाटत होती.

"येते," झाकणताई म्हणाली.

"ये हं," समोरची म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं.

जिना उतरताना झाकणताईला रडू फुटलं. इतकी वर्षं ज्या बाईची वाट बघितली, ती भेटली आणि संपलं? याच्यापेक्षा भेटली नसती तर बरं होतं, निदान मनात तरी राहिली असती. नाक पुसत ती अंगणात आली. फाटकाकडे जायचं सोडून पाय सवयीने पिवळ्या प्रेसपाशी गेले, आणि सवयीनेच तिने फाटकाकडे पाठ करून तोंड समोर केलं.

वरच्या काचेत समोरची उभी होती. भिंत धरून, सोफ्यावरून उठून, गुडघ्यांना न जुमानता. मधे तेवढंच अंतर. तिचे ओठ हलले.

"जेवलीस का?"

आणि झाकणताईच्या मनात तो बारीक आवाज आला. तोच. काडीचाही फरक नाही.

"खाल्लं गं थोडं."

"खोटं बोलू नकोस."

झाकणताईने एक हात प्रेसवर ठेवला. अंगणात लोक येत-जात होते, कॉफीवाल्याच्या दारात गर्दी होती, आणि त्या सगळ्यांमधे एक म्हातारी काचेकडे बघून तोंडं वेडावतेय, असंच दिसत असणार. दिसू दे. ती बोलली. मुकादमाने वर बोलावलं. त्याने मला विचारलं. मी तुझं सांगितलं. पोरगा कामाला लागला. तू नको म्हणालेलीस. माझ्यामुळे तू गेलीस. बोलता बोलता डोळे इतके भरले की समोरचीचं उत्तर तिला दिसेना. तिने पदराने डोळे पुसले आणि हाताने खूण केली, पुन्हा सांग.

"माहीत आहे," समोरची म्हणाली. "तेव्हाच दिसलं होतं."

"कसं?"

"काचेची खोली, बये! तोंड माझ्याकडे होतं."

झाकणताईने वळून बघितलं. चार पायऱ्या, काच, आत कॉफीचं यंत्र. जिथे जो तो ओठ वाचतो, तिथे भर दुपारी काचेपाशी उभं राहून गुपित फोडलं होतं. आणि मग पंधरा वर्षं ते झाकत बसली होती, चांगलं घट्ट झाकण लावून.

"मग बोलली नाहीस?"

"कोणाशी बोलू?" समोरची म्हणाली. तिचा चेहरा आता हसरा नव्हता. "महिनाभर बोलत होते. घर तुझं कठीण. मला कळत होतं. राग नाही म्हटलं. तू वर बघितलंच नाहीस."



"नाव घेतलंस, घेतलंस," समोरची म्हणाली. "त्याचं काही नाही. तू खाली बघितलंस. मी मुकी झाले. ते लागलं मला."

एवढ्या वर्षांत झाकणताईने स्वतःला नाव घेतल्याबद्दल हजार शिव्या दिल्या होत्या. मान खाली घातल्याबद्दल एकही दिली नव्हती. समोर कोणी महिनाभर ओठ हलवत होतं, रोज, आठ तास, आणि ही झाकणं मोजत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तीन शब्दही लागले नाहीत.

समोरचीने काचेवर तळवा टेकवला, बहुतेक गुडघ्यांसाठी. मागून सून येऊन काहीतरी बोलली, तिला बसा म्हणत असावी. समोरचीने तिच्याकडे बघितलंही नाही.

"उद्या ये," ती म्हणाली. "साडेदहाला ये."

"येते. वर येते."

"वर नको!" समोरचीने एवढ्या जोरात मान हलवली की कानातलं यंत्र निसटलं. ते तिने काढून सरळ सुनेच्या हातात दिलं. "वर पाहुणी होतेस. तिथेच उभी राहा. आणि मान वर ठेव."